वन्संची काठी आणि मांजराचे मोजे

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, बालवाडीत शिकवतात आणि गातात. यातलं पहिलं काम त्या फार छान करतात. दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही, असा दम लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला भरला होता. "ताईच्या गळ्याचा विषय घरात काढायचा नाही," तो म्हणाला. मी कधी काढला नाही. पण विषय रोज सकाळी साडेसहाला न्हाणीघरातून आपणहून निघायचा आणि गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीवाल्यापर्यंत पोचायचा.

वन्सं छप्पन्न वर्षांच्या आहेत. उंची बेताची, आवाज भरघोस. लग्न केलं नाही. "दरवर्षी बावीस पोरं पदरात पडतात, आणखी कशाला?" असं विचारणाऱ्याला ऐकवतात. गाताना त्या एका सुरात निघतात आणि भलत्याच सुरात पोचतात. मधे कुठे वळल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. गंमत म्हणजे मुलंही ते वळण जसंच्या तसं उचलतात. पुढच्या शाळेतल्या संगीताच्या मास्तरांना म्हणे पहिल्या दिवशीच कळतं, ही कुणाच्या हाताखालून आलेली मुलं आहेत.

पण त्यांचं गाणं म्हणजे नुसती करमणूक नव्हे, त्यात पद्धत आहे. पुस्तकाआधी कान, हे त्यांचं ब्रीद. नवीन मूल रडत आलं की त्या आधी त्याच्या नावाच्या टाळ्या वाजवतात. नाव तोडता आलं की शब्द तोडता येतो, आणि तोडता आला तो जोडताही येतो, असा त्यांचा हिशेब. दर महिन्याला एक अक्षर आणि त्या अक्षराचं एक गाणं. गाणी त्यांनी स्वतः रचलेली. 'म'चं गाणं असं:

मऊ मऊ मांजर मोजे घालून आलं,
मधल्या दारातून मुकाट आत गेलं,
मुंगी म्हणाली, मला एक दे,
मांजर म्हणालं, माप घेऊन ये.

हे गाणं मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर टांगायचं, मुलांनी गायचं आणि वन्संनी एकेका शब्दाखाली काठी फिरवायची. काठी म्हणजे जुन्या पडद्याचा दांडा, टोकाला लाल रंगवलेलं बूच. सत्तावीस वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालला होता.

ते तक्ते रंगवायची मी. माझा धंदाच तो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या वेळा, 'येथे गाडी लावू नये', सगळं मी रंगवते. घराच्या पुढच्या खोलीत माझे डबे आणि ब्रश असतात. मला विचाराल तर अक्षर ही डोळ्यांनी बघायची वस्तू आहे. त्याला पोट असतं, पाठ असते, उभं राहायची ऐट असते. वन्संना विचाराल तर अक्षर म्हणजे तोंडातून निघणारा आवाज, बाकीचा सगळा कपडालत्ता. या मुद्द्यावर आम्ही अकरा वर्षं भांडतोय. दोघींपैकी कुणीही आपला हेका सोडलेला नाही, आणि जेवणं मात्र वेळेवर झाली आहेत.

यंदा वन्संचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग चिरका, आणि एका सकाळी न्हाणीघरातून नुसतं पाणी पडल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. "स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्यात. तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो."

"आणि गुणगुणलं तर?" वन्संनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बाई, तुम्ही ऐकलं नाही तर हा आवाज कायमचा जाईल."

हे ऐकून माझ्या नवऱ्याने चष्मा काढून बराच वेळ पुसला. दुःखाने पुसला असेल. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

शाळेच्या मोठ्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत, हे आधी सांगून ठेवते. त्यांनी ताबडतोब तोडगा काढला. त्यांच्याकडे एक काळा डबा होता, बटण दाबलं की चाळीस बालगीतं गाणारा. त्यातल्या बाईचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "डबा वर्गात ठेवू. तुम्ही ऑफिसात बसा. हजेरीपत्रकं लिहायला कुणीतरी हवंच आहे. आणि खरं सांगू का, आता वयही झालं, कायमचं तेच केलंत तरी चालेल."

वन्संनी पाटीवर लिहिलं, 'मुलं गातील. मी काठी धरीन.'

बराच वेळ पाटी पुसण्यात आणि लिहिण्यात गेला. शेवटी ठरलं ते असं. तीन आठवडे वर्ग वन्संकडे. मग मोठ्या बाई येऊन बघणार. मुलं 'म'चा तक्ता वाचू शकली तर वर्ग वन्संचा, नाहीतर वर्ग डब्याचा आणि वन्सं ऑफिसात. घरी आल्यावर वन्सं जेवल्या नाहीत. वन्संना ऑफिसात बसवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. त्यांना मुलांवाचून सुट्टीचे दोन दिवससुद्धा निघत नाहीत.

घरात शांतता नांदेल असं आम्हाला वाटलं होतं. कसली शांतता! वन्सं टाळ्यांनी बोलू लागल्या. मिठाला एक टाळी. पाण्याला दोन. चहालाही दोनच, त्यामुळे माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी त्यांच्यापुढे पाण्याचे तीन पेले आणून ठेवले. तिसऱ्या पेल्यानंतर वन्संनी त्याच्याकडे रोखून बघत सावकाश तीन टाळ्या वाजवल्या.

"बटाटा?" त्याने विचारलं.

तो शब्द बटाटा नव्हता.

नवव्या दिवशी मी शाळेत गेले. 'म'च्या जुन्या तक्त्यावर मुलांनी पहिल्याच दिवशी हात धुताना पाणी उडवून अक्षरांचे ओघळ केले होते, म्हणून मी तो रंगवायला घरी आणला होता. खिळा रिकामा दिसू नये म्हणून माझ्या फळीवरची दुसरी एक गुंडाळी मदतनीस मावशींकडे दिली होती, आणि त्यांनी ती टांगली होती. आता नवा तक्ता तयार होता. खरं सांगते, तसा 'म' मी आयुष्यात काढला नव्हता. काखेत गुंडाळी मारून मी मोठ्या ऐटीत निघाले.

वन्संचा वर्ग म्हणजे पूर्वीचं सायकलचं दुकान. शटर अर्धं वर, आत गुडघ्याएवढ्या खुर्च्या, कमरेएवढं बेसिन, खुंट्यांवर बावीस पिशव्या. मी दारातच थांबले, कारण गाणं चालू होतं. वन्सं तक्त्याला पाठ करून, मुलांच्या तोंडांकडे बघत उभ्या होत्या आणि मागे हात करून काठी फिरवत होत्या. इतकी वर्षं झाल्यावर काठीला वाट पाठ होती. पुढे एक गोल चेहऱ्याचा मुलगा सगळ्यांच्या वर आवाज काढत होता. त्याला सगळे भोंगा म्हणत. "मऊ मऊ मांजर मोजे घालून आलं," बावीस मुलं गात होती, वन्संच्याच सगळ्या वळणांसकट.

आणि भिंतीवर 'क'चा तक्ता होता.

त्यावर कासव होतं, काकडी होती, कावळा होता. मांजराचा मागमूस नव्हता. काठी कासवाखाली आली की मुलं मांजर म्हणत होती. काकडीखाली आली की मोजे. नऊ दिवस बावीस मुलं, एक बाई आणि एक मदतनीस मिळून कासवाला मांजर वाचत होती आणि कुणाला काही खटकलं नव्हतं.

मी आधी मोठ्याने हसले. ते हसू आवरता येण्यासारखं नव्हतं. मग मला राग आला. मी रात्रंदिवस अक्षरांची पोटं घासत बसते आणि इथे भिंतीवर विजेचं बिल टांगलं असतं तरी चाललं असतं! हे मी बोलणार होते, तेवढ्यात वन्संनी मागे वळून तक्त्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. काठी खाली आली. त्यांचा चेहरा बघून मी काखेतली गुंडाळी पाठीमागे लपवली.

"बाई, पाणी आणू?" मदतनीस मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी वन्सं माझ्या कामाच्या खोलीत येऊन रंगाच्या डब्यावर बसल्या. मांडीवर पाटी. त्यांनी लिहिलं, 'किती वर्षं असंच?' त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, 'आईबापांना सांगत आले, तुमचं मूल वाचायला लागलं. खोटं बोलले.' मग लिहिलं, 'डबाच बरा.' तो शब्द लिहिताना खडू मोडला.

अकरा वर्षं मला या वादात जिंकायचं होतं. त्या दिवशी मी जिंकले आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. वाटली ती लाज. पाठ केलेलं म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला कधीपासून दिसत होतं. पण ते मी त्यांना खिजवायला वापरलं, सांगायला नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "त्यांचे कान तयार आहेत. कुठला शब्द कशाने सुरू होतो, त्याचे तुकडे किती, हे चार वर्षांचं पोर टाळ्या वाजवून सांगतं. मला त्या वयात नाक पुसता येत नव्हतं. हे तुम्ही केलंत. राहिलेत ते डोळे. गाणं पाठ आहे म्हणून ती बघत नाहीत. बघायची गरजच पडत नाही ना!"

वन्संनी पाटी खाली ठेवली. मग उठल्या, माझ्या टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि माझ्या नव्या तक्त्याकडे वळल्या.

"अहो! तो कालच वाळलाय!"

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'शब्द सुटे कर.'

शेवटी मीच कापला. त्यांच्या हाती दिला असता तर ओळी त्यांच्या गाण्यासारख्या गेल्या असत्या. आधी चार ओळी, मग एकवीस शब्द. माझा आयुष्यातला सर्वांत चांगला 'म' एकवीस तुकड्यांतून विखुरला आणि वन्संनी ते तुकडे गोळा करून पिशवीत घातले. जाताना माझ्या खांद्यावर एक थाप मारली. ती टाळी नव्हती, त्यामुळे अर्थ विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिमटे द्यायचं निमित्त काढून शाळेत गेले. वर्गात दोरी बांधलेली, तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावून शब्द टांगलेले. वन्संनी काठी पहिल्या 'मऊ'खाली ठेवली. भोंग्याने सूर लावला आणि वर्ग निघाला तो थेट "माप घेऊन ये" ला जाऊन थांबला. काठी 'मऊ'खालीच. मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाई हलल्या नाहीत. मुलांनी पुन्हा गायलं, जरा जोरात. काठी तिथेच. वन्संच्या कपाळावर घाम आला होता. नुसतं "अरे, बघा ना इथे" म्हणायला त्यांचा जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. पण तोंड बंद.

तिसऱ्या वेळी एक मुलगी मधेच थांबली. किडकिडीत, शेजारच्याला चिमटे काढायची सवय, म्हणून तिचं नाव चिमटी. "काठी अजून पहिल्यावरच आहे," ती वैतागून म्हणाली. "आपण कशाला पुढे गेलो?"

त्या क्षणी वन्संनी काठी पुढे सरकवली. काठी चालली की गाणं चालायचं, काठी थांबली की गाणं थांबायचं. दोन दिवसांत हा खेळ सगळ्यांना जमला. तिसऱ्या दिवशी, मी नवं निमित्त काढून हजर असताना, वन्संनी दोन शब्दांची अदलाबदल केली आणि काही सांगितलं नाही. सांगणार कशा? मुलं "मऊ मऊ" पर्यंत आली, "मांजर" म्हणाली, आणि चिमटी किंचाळली, "मांजर नाहीये! मुंगी आहे! मऊ मऊ मुंगी!"

वर्ग हसून लोळला. मोजे घातलेली मुंगी! भोंग्याला तर उचकी लागली. किती मोजे लागतील यावर वाद झाला. आणि तेव्हापासून सगळ्यांच्या माना दोरीकडे वळल्या. कारण न बघणाऱ्याचा विनोद हुकायचा, आणि चार वर्षांच्या माणसाला विनोद हुकणं हा फार मोठा अपमान वाटतो.

मी चिमटीला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कसं कळलं गं ते मांजर नाही?"

"मांजराच्या शेजारी काठी उभी असते," ती म्हणाली. "मुंगीला खाली शेपूट आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

माझा उकार कुणीतरी पाहिला होता. मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बरं." पुरुषांना काही गोष्टी कळत नाहीत.

तीन आठवडे संपले त्या सकाळी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली आणि म्हणाले, "बोला आता. पण हळू, आणि ओरडायचं नाही." वन्संनी दवाखान्याच्या पायरीवर भावाकडे वळून पहिला शब्द हळू उच्चारला. तो तीन टाळ्यांचा होता. त्याच्या 'बटाटा?'ला बारा दिवसांनी का होईना, उत्तर मिळालं.

तिथून आम्ही तशाच शाळेत गेलो. मोठ्या बाई डबा काखेत घेऊन आधीच आल्या होत्या. वन्संचे हात गार पडले होते. मी धरून पाहिले म्हणून सांगते. "आता बोलता येतं म्हणून मुलांना मागून सांगायचं नाही हं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि स्वतः दोरीपाशी गेल्या. शब्द काढले, पुन्हा लावले, एक पाऊल मागे जाऊन बघितलं, परत एक बदलला. बाई हुशार आहेत. शेवटी दोरीवर झालं ते असं: मऊ मऊ मुंगी मोजे घालून आलं, मांजर म्हणालं, मला एक दे.

वन्संनी काठी पहिल्या शब्दाखाली नेली.

मुलं गप्प. खोलीत मोठ्या बाई, माझा नवरा आणि मी अशी तीन जादा माणसं उभी होती. भोंगासुद्धा बोट तोंडात घालून बसला. वन्संनी काठी दुसऱ्या शब्दावर नेली, पुन्हा पहिल्यावर आणली. कुणी तोंड उघडेना. मोठ्या बाईंनी डब्यावरची पकड बदलली. मी मनात म्हणत होते, चिमटे, बोल ना गं, एकच शब्द.

वन्संना ते सोसलं नाही. सत्तावीस वर्षांची सवय, आणि आवाज नुकताच परत मिळालेला. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "मऊ मऊ मांजर मोजे घालून..."

"बाई!"

चिमटी उभी राहिली होती. "मांजर कुठंय तिथे?"

"बाई, तुम्ही बघतच नाही," भोंगा बोट काढून म्हणाला.

वन्संनी डोळे उघडून दोरीकडे पाहिलं. मुंगी. त्यांनी सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा," चिमटी म्हणाली. "आम्ही वाचतोय ना!"

आणि त्यांनी वाचलं. हळू, प्रत्येक शब्दापाशी थबकत, वन्संच्याच बेसूर चालीत. बावीसच्या बावीस वाचत नव्हती, मी खोटं कशाला सांगू. मी मोजलं, नऊ खरोखर बघत होती आणि बाकीची त्यांच्या अर्धा शब्द मागून येत होती. पण नऊ बघत होती. काठी मधेच थांबली होती, कारण वन्सं ती हलवायला विसरल्या होत्या, आणि तरी त्या नऊ जणांची नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर आपली आपण जात होती.

मोठ्या बाईंनी डबा पुन्हा काखेत मारला. मग म्हणाल्या, "हजेरीपत्रकांसाठी मी दुसरं कुणी शोधते." आणि निघून गेल्या.

घरी जाताना माझा नवरा दोन पावलं पुढे चालत होता. लाँड्रीपाशी वन्सं थांबल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

"अगं, मला गप्प बसवलं त्यांनी."

"हो, वन्सं."

"माझ्याच पोरांनी. मोठ्या बाईंसमोर." आवाज अजून खरखरीत होता. "आणि बरोबर होतं गं त्यांचं. मी बघतच नव्हते." असं म्हणून त्या भर रस्त्यात हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि डॉक्टरांनी ओरडायचं नाही म्हणून सांगितलेलं असूनही लाँड्रीवाल्याला ओरडून सांगितलं, "अहो, माझी मुलं वाचतात!"